रोमन प्रोव्हिन्शियल ब्राँझचा 8 नाण्यांचा लॉट: नाणी झकास, चिठ्ठ्या रामभरोसे

एका ऑनलाइन डीलरकडून (नाव नाही घेत) 8 नाण्यांचा लॉट घेतला, 'ओळख पटवलेली' म्हणून, म्हणजे प्रत्येक नाण्यासोबत सम्राट आणि शहर लिहिलेली चिठ्ठी. नाण्यांना नावं ठेवायला जागा नाही, चिठ्ठ्यांना भरपूर आहे.

या भानगडीत नवीन असाल तर, ही रोमच्या टांकसाळीतली नाणी नव्हेत. साम्राज्याच्या, मुख्यतः पूर्वेकडच्या, शहरांनी आपापल्या बाजारासाठी पाडलेली, पुढे सम्राटाचं तोंड आणि मागे गावचा देव, देऊळ, नदी, डोंगर, जे काय त्यांना मिरवायचं असेल ते, आणि मजकूर बहुतेक ग्रीकमध्ये. मजा सगळी मागच्या बाजूला असते.

आता चिठ्ठ्या. एकावर लिहिलंय 'निकोपोलिस, एपिरस'. अहो, नाण्यावर 'प्रोस इस्ट्रोन' असं धडधडीत कोरलंय! इस्ट्रोस म्हणजे खालची डॅन्यूब, म्हणजे हे ट्राजानने वसवलेलं, आजच्या बल्गेरियातलं निकोपोलिस. एपिरसचं निकोपोलिस ऑगस्टसचं, तिकडे ग्रीसमध्ये. नाव सारखं दिसलं आणि दिलं ठोकून.

दुसरं विमिनाकियमचं, आजच्या सर्बियातलं, माझं सगळ्यात लाडकं, मोएशिया, म्हणजे तिथला रोमन प्रांत, देवीच्या रूपात मधोमध उभी आणि दोन्ही बाजूंना बैल आणि सिंह, ही त्या प्रांतातल्या दोन लीजनांची (रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्यांची) चिन्हं, सातव्या क्लॉडियाचा बैल आणि चौथ्या फ्लाव्हियाचा सिंह. शहराला रोमन वसाहतीचा दर्जा असल्याने मजकूर लॅटिन. चिठ्ठी म्हणते फिलिप. पण खाली साल 3 आहे, शहराचं साल इ.स. 239 पासून मोजतात, म्हणजे हे 241-42 चं, तेव्हा गादीवर तिसरा गॉर्डियन होता, आणि तेही सोडा, पुढे 'गॉर्डियानुस' चष्म्याशिवाय वाचता येतं!

मी सगळी आरपीसी ऑनलाइनवर (रोमन प्रोव्हिन्शियल नाण्यांची ऑनलाइन सूची) तपासली, फुकट आहे, शहर आणि मागचं चित्र टाकून शोधता येतं, एक संध्याकाळ गेली पण चिठ्ठीवर विसंबण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. आठात तीन चुकीच्या निघाल्या. खरेपणाबद्दल मात्र शंका नाही, कडेला ओतीव नकली नाण्याची शिवण नाही, कुणी नंतर कोरून केस-दाढी उठवलेली नाही, वर वाळू चिकटवून जुनेपणा आणलेला नाही.

पॅकिंगवर राग आहे. मऊ पीव्हीसी पाकिटं! ब्राँझला ती कालांतराने चिकट हिरवी घाण आणतात, आल्या आल्या फेकली. आणि एका नाण्यावर फिक्या हिरव्या पावडरीचा ठिपका होता, ब्राँझ डिसीज, म्हणजे ब्राँझ पोखरत जाणारा गंज, डीलरच्या फोटोत तीच बाजू बरोबर सावलीत होती म्हणे योगायोगाने.

कुठून आली विचारलं तर उत्तर 'जुन्या कलेक्शनमधून', कागद एकही नाही. तुर्कस्तानातून अशी नाणी बाहेर नेणं बेकायदा आहे, त्यामुळे हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. इथे माझे दोन स्टार कापले, 5 पैकी 3.

ठिपकेवाल्याला डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून, नीट वाळवून, आता सिलिका जेलच्या पुड्यांसोबत वेगळ्या डबीत ठेवलंय, आणि रोज सकाळी चहाच्या आधी भिंग घेऊन बघतो पावडर परत आली का.