डॉलरचा एक करार की गावातली पाच कामं?

सांगलीत बसून स्वतंत्रपणे सॉफ्टवेअर लिहायचं ठरवलं की थोड्याच दिवसांत वाट दोन ठिकाणी फुटते. एक म्हणजे मधल्या एजन्सीमार्फत एखाद्या परदेशी कंपनीचा पूर्णवेळ करार. दुसरी म्हणजे मार्केट यार्डातले हळदवाले, कुपवाड एमआयडीसीतला एखादा कारखाना, तासगावकडचा बेदाण्याचा व्यापारी अशी चार-पाच गिऱ्हाइकं आणि उरलेल्या वेळात ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही वाचता-बदलता येणारा उघडा कोड. पहिल्या वाटेने मी साडेतीन वर्षं चाललो, दुसरीवर आता पाचवं वर्ष सुरू आहे. पुण्याला जाऊन नोकरी धरायचा मार्ग आहेच, पण हे वाचताय म्हणजे तो तुम्ही खोडला असणार.

पैशाचं आधी उरकतो. करारात जास्त मिळतात, यात वाद नको. मला तरी जवळजवळ दुप्पट मिळत होते आणि तेही ठरल्या तारखेला. दर आर्थिक वर्षी नव्याने एलयूटी (जीएसटी न भरता परदेशी काम करायचं हमीपत्र) भरा, बँकेकडून परकीय चलनाचा कागद घ्या, एवढंच. सीए ते बघतो. गावात पैसे सीझनवर चालतात. हळदवाल्याला जानेवारीत बिल दिलं तर म्हणतो, ‘आवक सुरू होऊ दे की’, आणि मे महिन्यात दिलं तर, ‘आवक संपू दे.’ बुडवत नाहीत, पण चार-सहा महिन्यांचा खर्च गाठीला नसेल तर या वाटेला जाऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. वर्षाला २० लाखांच्या आत असाल तर जीएसटीची कटकट मात्र नसते.

वेळेचं म्हणाल तर दोन्हीकडे बोंब आहे. करारात परदेशी कंपनीची सकाळ म्हणजे आपले रात्रीचे आठ, त्यामुळे जेवण एकतर मीटिंगआधी नाहीतर दहानंतर. गावातला व्यापारी आठ वाजायची वाट बघत नाही, तो कधीही फोन करतो. ऐन सौद्याच्या वेळी एकाचा फोन आला, ‘सॉफ्टवेअर बिघडलं, पट्टी कोरीच निघतेय.’ स्कूटर काढून गेलो तर थर्मल प्रिंटरचा रोल उलटा बसवलेला. सुलटा केला, चहा प्यायलो, परत आलो. याचं बिल काय लावणार? पण त्याच खेपेला तिथे बसून बघितलं की दिवाणजी अडत, हमाली आणि तोलाई आधी वेगळ्या कागदावर मांडतात आणि मग तोच आकडा माझ्या स्क्रीनवर भरतात. म्हणजे मी केलेला हिशेबाचा भाग कोणी वापरतच नव्हतं. पुढच्या आठवड्यात स्क्रीनची मांडणी त्यांच्या कागदासारखी केली. साडेतीन वर्षं करारावर लिहिलेला कोड कोण वापरतं, ते मला एकदाही दिसलं नाही.

शिस्त शिकायची असेल तर मात्र करारच बरा. टेस्ट (कोड तपासणारा कोड) न लिहिता काम पुढे सरकवायची माझी सवय तिथल्या रिव्ह्यूंनी, म्हणजे दुसऱ्याने माझा कोड वाचून तपासण्याने, मोडली. सुरुवातीची दोन वर्षं एखाद्याने तिथे काढली तर मी नाही म्हणणार नाही.

आता ज्यावरून माझं गाडं फिरलं ते सांगतो. करारात असताना एका रविवारी मामांच्या ट्रान्सपोर्ट ऑफिससाठी छोटा प्रोग्रॅम लिहीत होतो. गावनिहाय भाड्याची यादी काढली तर त्यात कऱ्हाड दोनदा. ‘कऱ्हाड’ आणि ‘कर्‍हाड’, वाचायला दोन्ही एकच. भाडं मात्र निम्मं-निम्मं वाटलेलं. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की एका ठिकाणी युनिकोडमधला (कॉम्प्युटर अक्षरं ज्या क्रमांकांनी ओळखतो त्या पद्धतीतला) वेगळा ऱ टाइप झालाय आणि दुसऱ्या ठिकाणी साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर अक्षर तेच, पण कॉम्प्युटरच्या लेखी गावं दोन. नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची प्रक्रिया, करूनही ती एक होत नाहीत. ‘शेतकऱ्यांची’, ‘गोऱ्हे’, ‘दऱ्या’ सगळीकडे हाच घोळ, आणि तो घालायला मराठीइतकी सोयीची भाषा नसावी.

त्या प्रोग्रॅममध्ये मी वापरत होतो ती शोधाची लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) ओपन सोर्स होती. दुरुस्ती जेमतेम बारा ओळींची. पाठवायला गेलो आणि करारातलं एक कलम आठवलं. कराराच्या काळात मी जे काही लिहीन, कुठेही आणि कोणासाठीही, त्याची मालकी कंपनीची. कागदाप्रमाणे मामांच्या भाड्याची यादीसुद्धा त्यांचीच! रीतसर परवानगी मागितली. एजन्सी म्हणाली कंपनीला विचारतो, कंपनी म्हणाली वकिलांना विचारतो. वकिलांनी विचारलं, कऱ्हाड हे आमचं उत्पादन आहे का. सात आठवडे गेले. कोणी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. बारा ओळी माझ्या लॅपटॉपवर पडून राहिल्या.

त्यांची बाजूही समजते. दुसऱ्याच्या कोडची भानगड कोणालाच नको असते. सगळेच करार असे असतात असंही नाही. ‘या कामासाठी लिहिलेला कोड’ एवढीच मर्यादा घालून देणारेही भेटतात, आणि सही करण्याआधी मागितलं तर काही जण तसं बदलून देतात. मी मागितलं नव्हतं, चूक माझीच. तरीही करार संपला तेव्हा मी नूतनीकरण केलं नाही आणि त्याच आठवड्यात त्या बारा ओळी पाठवल्या. तिसऱ्या दिवशी त्या घेतल्या गेल्या.

आता गावातली बहुतेक कामं मी ईआरपीनेक्स्ट या धंद्याच्या हिशेबाच्या तयार सॉफ्टवेअरवर उभी करतो. मुंबईत जन्मलेलं आणि जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखालचं, त्यामुळे व्यापाऱ्याकडे केलेली सर्वसाधारण दुरुस्ती मूळ प्रकल्पाला परत देता येते. व्यापाऱ्याला त्याचं सोयरसुतक नसतं, फक्त त्याचे भाव आणि खाती बाहेर जाता कामा नयेत. तेवढं लिहून दिलं की झालं. पुढची दोन कामं मला कोणी ओळखीने दिली नाहीत, माझा उघडा कोड वाचून आली. त्यातलं एक साताऱ्याचं, एक चक्क नाशिकचं. हे सगळ्यांच्याच बाबतीत होईल असा दावा नाही.

पुराचं एक राहिलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. मी तेव्हा करारावर होतो. नेट बंद, वीज बंद. पाच दिवसांची रजा मिळाली, बरं झालं. आता तशी वेळ आली तर रजा द्यायला कोणी नाही आणि गिऱ्हाइकाचं दुकानही पाण्यात असणार. म्हणून पुलाशी पाणी ४० फूट, म्हणजे इशारा पातळीला आलं की मी सगळ्यांचा बॅकअप स्वतः तपासतो. हे काम करारात नव्हतं.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही दहा-बारा जण विश्रामबागेत एका क्लासच्या खोलीत जमतो. कॉलेजची मुलं पहिला बग कसा शोधायचा ते विचारतात, आम्ही एकमेकांचा कोड वाचतो. माझा एक मित्र अजून करारावर आहे. माझ्यापेक्षा जास्त कमावतो, माझ्यापेक्षा चांगला कोड लिहितो आणि दर वेळी न चुकता येतो. लॅपटॉप उघडत नाही. भडंग मात्र त्याच्याकडून असतो.