सेस्नाच्या टाकीत बुडवायची पारदर्शक नळी: इंधनकाट्यापेक्षा भरवशाची

मी सेस्ना 172 या छोट्या विमानावर उड्डाण शिकवतो. इंधन मोजायला आमच्याकडे पूर्वी लाकडी पट्टी होती. मे महिन्याच्या दुपारी ॲव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, इतकं झटकन उडतं, की पट्टी काढून आकडा बघेपर्यंत ओली खूण पुसट झालेली असायची. म्हणून ही नळी मागवली.

पंखाशी चढायचं, झाकण काढून नळी तळाला टेकेपर्यंत उभी सोडायची, वरचं भोक अंगठ्याने दाबायचं आणि बाहेर काढायची. निळसर इंधन आत जिथल्या तिथे थांबतं. निवांत वाचा.

मात्र नळीवर नुसते आकडे आहेत, लिटर नाहीत. तक्ता आपणच करायचा: विमान सपाट जागी, टाकी रिकामी, मग दहा-दहा लिटर ओतत आकडे टिपायचे. अख्खी सकाळ जाते. तेवढा कंटाळा असेल तर पट्टीच बरी, पैसे तरी वाचतील.

उणीव एक, पण मोठी. पंख टोकाकडे थोडा वर चढलेला असल्याने थोडं उरलेलं इंधन धडाकडे सरकतं आणि झाकणाखाली नळी कोरडीच निघते. कोरडी आली की मी शून्य धरतो, मग काटा काहीही म्हणो.

आता हिशेब. दोन्ही टाक्या मिळून 90 लिटर, ताशी खप साधारण 35. एक तासाचा साठा राखून ठेवला की हातात दीड तास. राखीव साठ्याचा नियम दिवसा अर्ध्या तासाचा असला तरी समोरून वारा वाढला की तो कसा संपतो, हे पोरांना बोर्डावर कळत नाही. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2017 मध्ये सांगितलं, की तिथे इंधनाच्या गैरव्यवस्थापनाने वर्षाला सरासरी 50 हून जास्त अपघात होतात आणि बहुतेकांत दोष माणसाचा, यंत्राचा नव्हे. इंजिन थांबल्यावर 3000 फुटांवरून जेमतेम साडेचार नॉटिकल मैल तरंगता येतं, आणि आमच्याकडे खाली असतो उभा ऊस. त्यात चाकं अडकली की विमान नाकावर जातं.

पायपर आर्चर या दुसऱ्या छोट्या विमानावाल्यांच्या टाकीत 17 गॅलनची पातळी दाखवणारी खुणेची पट्टी आतच बसवलेली असते, त्यामुळे त्यांना नळी लागत नाही असं ते म्हणतात. पातळी त्या पट्टीच्या खाली गेली की काय करतात, ते विचारा एकदा. पाचपैकी चार.