गोळी पेंडेची डीएनए टेस्ट करून घेतली, अनुभव सांगतो
आमच्याकडं कागलला चार म्हशी हायत, नवीन गोळी पेंडेला उग्र वास यायला लागला, त्यात मांस-हाडाची भुकटी मिसळली का काय अशी शंका आली म्हणून लॅबला सॅम्पल दिलं. लॅबवाल्यांनी आधीच सांगितलं, एकाच पोत्यातलं मूठभर आणू नका, सगळ्या पोत्यांतलं थोडं थोडं काढून मिसळून आणा, हे मला लई आवडलं. मायक्रोस्कोपखाली हाडाचा कण दिसतो पण तो गाईचा का डुकराचा ते कळत न्हाई, पीसीआरमधे (डीएनए ओळखायच्या टेस्टमधे) कळतं, आणि मांस-हाडाची भुकटी लई तापवली तरी डीएनएचे बारीक तुकडे उरतात, तेच पकडतात. इंग्लंडात 1986 ला मॅड काऊ (गाईंच्या मेंदूचा रोग) सापडला तो असल्याच भुकटीतनं पसरला, म्हणून गाई-म्हशीच्या खाद्यात गाई-म्हशीचाच अंश नको, ही भीती उगाच न्हाई बघा.

रिपोर्टात गाय, म्हैस, शेळी, मेंढी सगळं निगेटिव्ह, जीव भांड्यात पडला. एक मात्र, दूध पावडर मिसळली असली तरी गाईचा डीएनए येऊ शकतो, दूध का मांस ते ही टेस्ट सांगत न्हाई, हे रिपोर्टवर लिहायला पायजे हुतं, मला विचारल्यावर सांगितलं. फी एकट्याला जड जाते, गल्लीतल्या चौघांनी मिळून एकाच लॉटची करा. चार स्टार.