एमएसमधली लघवीची तक्रार: गोळी, बोटॉक्स की नळी?

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारात मूत्राशय आणि मेंदू यांच्यातले निरोप मज्जारज्जूत अडखळतात. कुणाला एकदम घाई लागते आणि कडी काढेपर्यंत कपडे ओले होतात. कुणी पाच-पाच मिनिटं बसून राहतं तरी धार सुटत नाही, सुटली तरी लघवी आत उरते. पुष्कळांना दोन्ही होतं. आणि उरलेल्या लघवीमुळेही सारखी घाई लागते, त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून औषध ठरवणं धोक्याचं. आधी लघवी करून आल्याबरोबर सोनोग्राफी करून घ्याच. मागे 100 मिलीपेक्षा जास्त उरत असेल, तर घाई आवरणारी गोळी एकटी घेतल्याने त्रास वाढू शकतो.

फारसं उरत नसेल तर सुरुवात गोळीनेच. ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनासिन यांनी मूत्राशयाचा स्नायू शांत होतो, पण तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठता वाढते. मला जास्त काळजी वाटते ती डोक्याची. ऑक्सिब्युटिनिन मेंदूपर्यंत पोचतं. आधीच शब्द आठवत नसतील तर मिराबेग्रॉन या वेगळ्या प्रकारच्या गोळीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. त्यावर रक्तदाब मात्र बघत राहावा लागतो.

गोळ्यांनी भागलं नाही तर बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं औषध. दुर्बिणीतून मूत्राशयाच्या भिंतीत इंजेक्शनं देतात, गुण साधारण 6 ते 9 महिने टिकतो, मग पुन्हा घ्यायचं. गुण चांगला येतो, पण लघवी अडकू शकते. म्हणून लघवी काढायची नळी घालायला आधी शिकून घ्यावं लागतं.

या नळीलाच लोक सगळ्यात जास्त घाबरतात. ती आत ठेवायची नसते. पेन्सिलीपेक्षा बारीक, बुळबुळीत नळी. हात धुऊन स्वतः घालायची, मूत्राशय रिकामं झालं की काढायची. बायकांना सुरुवातीला आरसा लागतो, पुढे बोटांनाच जागा कळते. लघवी बरीच उरत असेल तर मी हाच मार्ग आधी निवडेन, रात्रीची झोपही सुधारते. बोटं बधिर असतील, हात थरथरत असतील तर घरच्या माणसालाही शिकवता येतं.

घाईच्या भीतीने पाणी तोडू नका. गडद लघवीने मूत्राशय आणखी चिडतं. आणि पाय अचानक जड झाले तर एमएसचा नवा झटका समजण्याआधी लघवी तपासा. जळजळ नसतानाही संसर्ग असू शकतो, आणि तेवढ्यानेही जुनी लक्षणं उसळतात.