प्रयोग अडला तर पैसा कुठून? पुण्यातल्या छोट्या नाट्यसंस्थेसाठी निधींची तुलना

नाटक, चित्रप्रदर्शन किंवा काव्यवाचन बंद पाडले गेले की कलास्वातंत्र्यावर चर्चा सुरू होते; खजिनदाराला मात्र त्याच रात्री हिशेब मांडावा लागतो. असा एक हिशेब मी सदाशिव पेठेतल्या तालमीच्या खोलीत पाहिला. तिकीटबुकाच्या पाठकोऱ्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने नाट्यगृहाचे भाडे, नेपथ्याचा टेम्पो, लाइटच्या सामानाचे भाडे आणि प्रेक्षकांना परत करायची रक्कम लिहिलेली होती. शेवटची नोंद वकिलाची होती आणि तिच्यापुढे आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह होते. या कामासाठी निधी शोधणाऱ्या संस्थेने रकमेच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात, असे माझे मत आहे: पैसा किती दिवसांत हाती पडतो आणि तो किती काळ पुरतो.

दुसरा प्रश्न लोक विसरतात. १९९४ मध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात छापलेल्या एका मराठी कवितेवरचा अश्लीलतेचा खटला २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. त्या निकालाने माफी मागितलेल्या प्रकाशकाला सोडले. कवीवरचा खटला मात्र पुढे चालणार होता. एकवीस वर्षांच्या अशा लढाईला वर्षभराचे अनुदान कितीसे पुरणार?

आंतरराष्ट्रीय निधींमध्ये युनेस्कोचा ॲशबर्ग कार्यक्रम नेमका या विषयाला वाहिलेला आहे. कलावंताच्या दर्जाविषयीची १९८० ची शिफारस आणि सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या वैविध्याविषयीचा २००५ चा करार हा त्याचा पाया असून, भारताने तो करार २००६ मध्ये स्वीकारला आहे. कायदे व धोरणे सुधारू पाहणाऱ्या सरकारांना तांत्रिक साहाय्य आणि नागरी संस्थांच्या प्रकल्पांना अर्थसाहाय्य, अशा त्याच्या दोन बाजू आहेत. कलावंतांना हक्कांचे प्रशिक्षण देणे किंवा दडपणाच्या घटनांची पद्धतशीर नोंद ठेवणे, अशी कामे त्यात चपखल बसतात. उद्या सकाळच्या जामिनाचा खर्च बसत नाही. अर्ज इंग्रजीत नीट मांडावा लागतो आणि अर्ज मागवणारे आवाहन निघेपर्यंत थांबावे लागते.

तरीही पुण्यातल्या छोट्या संस्थेसाठी या पर्यायाचा एक मोठा फायदा आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. २०१० च्या विदेशी अंशदान नियमन कायद्यात, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या एफसीआरएमध्ये, ‘विदेशी स्रोत’ या व्याख्येतून संयुक्त राष्ट्रे आणि त्यांच्या विशेष संस्था वगळलेल्या आहेत. युनेस्को ही तशी विशेष संस्था आहे. त्यामुळे तिच्याकडून थेट आलेल्या पैशाला विदेशी देणगीचे नियम लागत नाहीत; मात्र तोच पैसा मध्ये एखाद्या परदेशी संस्थेच्या हातून आला, तर ही सवलत गृहीत धरू नये.

याच्या अगदी उलट स्वभाव आपत्कालीन निधींचा. २०१७ मध्ये पेन अमेरिका या लेखकांच्या संघटनेने सुरू केलेल्या ‘आर्टिस्ट्स ॲट रिस्क कनेक्शन’सारखे उपक्रम धोक्यात असलेल्या व्यक्तीचा विचार करतात, सुरक्षित जागी हलणे आणि कायदेशीर मदत अशा तातडीच्या गरजा ते प्रकल्पाचा आराखडा न मागता समजून घेतात. धमकी आलेल्या एकट्या कलावंतासाठी मी हाच दरवाजा आधी ठोठावायला सांगेन. संस्थेने मात्र इथे जपून पाऊल टाकावे, कारण हा पैसा विदेशी देणगी ठरतो आणि ती घ्यायला एफसीआरए नोंदणी लागते. त्या नोंदणीसाठी साधारणपणे तीन वर्षांचे काम आणि त्या काळात मूळ उद्देशांवर १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतील ठरावीक खात्यातच यावा लागतो आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. ‘ओळखीच्या मोठ्या संस्थेच्या खात्यातून घेऊ’ ही आपल्याकडची आवडती वाटसुद्धा २०२० च्या दुरुस्तीने बंद केली, कारण असा पैसा आता दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. सांस्कृतिक कार्यक्रम राबवणाऱ्या व्यक्तीवरही हा कायदा लागू होऊ शकतो, आणि नोंदणीकृत वृत्तपत्राच्या व्यंगचित्रकाराला तर विदेशी देणगी घेण्यास स्पष्ट मनाई आहे. ज्याच्यावर आधी संकट येते, त्याच्याच वाटेवर हे कुंपण!

देशातल्या पर्यायांबद्दल थोडक्यात सांगता येईल. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९५ पासून संशोधनाला आणि कलाकृतींना अनुदान देत आली आहे. ते चांगले काम उभे करण्यासाठी घ्यावे, खटल्यासाठी नव्हे. सरकारी अनुदानाचेही तेच. ज्या राज्यात प्रयोगाआधी संहिता तपासणीसाठी सरकारच्या परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, तिथल्या सरकारने त्या मंडळाविरुद्धच्या दाव्याचा खर्च उचलावा, ही अपेक्षा भाबडी आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून पात्र व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. नाटकवाल्यांना तिथे जाणे का सुचत नाही, कोण जाणे.

राहिला स्वतःचा निधी. तो हळूहळू साठतो, देणगीदारांच्या दारी जावे लागते, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीवर प्राप्तिकरातली सवलत मिळत नाही म्हणून ऑनलाइन पैसे पाठवा, हे प्रत्येकाला समजावत बसावे लागते. पण त्या पुठ्ठ्यावरच्या प्रश्नचिन्हासमोर रात्री दहा वाजता आकडा लिहिण्याचा अधिकार फक्त याच निधीत आपल्याकडे असतो, आणि खटला लांबला तरी अहवालाची मुदत संपत नाही. न्यासाच्या घटनेत ‘कलावंतांना कायदेशीर साहाय्य’ हा उद्देश मात्र सुरुवातीलाच घालावा. नंतर घालायचा म्हटले की धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या सुरू होतात.

म्हणून एफसीआरए नसलेल्या संस्थेला माझा सल्ला असा, की पहिल्या वर्षी स्वतःचा छोटा निधी उभारावा, दुसऱ्या वर्षी नोंदी व प्रशिक्षणासाठी युनेस्कोकडे अर्ज करावा आणि आपत्कालीन निधींचे पत्ते सभासदांना वैयक्तिक वापरासाठी देऊन ठेवावेत. यांतला कोणताही दाता पुरावा मागणारच. तेव्हा संहितेचे प्रमाणपत्र, नाट्यगृहाची पावती आणि पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची आवक शिक्का असलेली प्रत एका फाइलमध्ये आजच लावून ठेवावी.