प्राइम९५ : मर्सेन संख्या तपासायच्या तर हेच, पण रॅम आधी तपासा

२ चा ७ वा घात वजा १ म्हणजे १२७. अशा, २ च्या घातातून १ वजा केलेल्या संख्या म्हणजे मर्सेन संख्या. ही मूळ संख्या आहे का? ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, १२७ ने भागून बाकी ठेवा, आणि हेच पाच वेळा करा : ४, १४, ६७, ४२, १११, ०. शेवटी शून्य आलं, म्हणजे मूळ. ही ल्युकास-लेमर कसोटी. भागाकारही खरा करावा लागत नाही. १४ चा वर्ग वजा २ म्हणजे १९४, द्विमानात ११००००१०. उजवीकडचे सात अंक सोडून डावीकडे उरलेला १ उचलून उरलेल्या ६६ मध्ये मिळवला की ६७.

जॉर्ज वोल्टमन यांचं प्राइम९५ हेच काम कोट्यवधी अंकांवर करतं, तेही फुकट. मर्सेन मूळ संख्या शोधणाऱ्या, १९९६ पासून चालू असलेल्या जिम्प्स प्रकल्पाचं हे मुख्य सॉफ्टवेअर. २०२४ मध्ये सापडलेल्या २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ या संख्येला ४,१०,२४,३२० अंक आहेत. ती मात्र ग्राफिक्स कार्डावर, जीपीयूआउल या दुसऱ्या प्रोग्रॅमने सापडली. प्राइम९५ प्रोसेसरवर चालतं.

आधी ते लहान विभाजक शोधतं. घातांक प असेल तर विभाजक २ × क × प + १ याच रूपाचा हवा (क ही कोणतीही पूर्ण संख्या), आणि ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरली पाहिजे. २०४७ = २३ × ८९ वर पडताळून पाहा (प = ११). या दोन अटींमुळे बहुतेक उमेदवार भागून पाहायचीही गरज पडत नाही.

मोठ्या चाचणीत घातांकाइतके, म्हणजे बारा-तेरा कोटी वर्ग सलग करायचे असतात. त्यात एक बिट चुकला तरी पुढचं सगळं वाया. म्हणून आता पहिली चाचणी ल्युकास-लेमर नसून पीआरपी (संख्या बहुधा मूळ आहे का, हे सांगणारी) असते, कारण तिला गर्बिक्झ तपासणी जोडता येते : चूक दिसली की प्रोग्रॅम शेवटच्या खात्रीच्या टप्प्यावर परत जातो. ल्युकास-लेमरसोबतची जॅकोबी तपासणी निम्म्याच चुका पकडते. पीआरपी चाचणीसोबत ती नीट झाल्याचा पुरावाही तयार होतो, आणि तो तपासायला मूळ कामाच्या एक टक्काही वेळ लागत नाही. पूर्वी दुसऱ्या संगणकावर सगळी चाचणी पुन्हा करावी लागे. आमच्या मते या सॉफ्टवेअरमधली ही सर्वांत मोलाची सुधारणा आहे.

पुराव्यासाठी डिस्कवर तात्पुरती जागा लागते : बारा कोटींच्या घातांकाला, पुराव्याची ‘पॉवर’ ही सेटिंग ८ ठेवली तर, जवळपास ४ जीबी. पी-१ या विभाजक शोधण्याच्या पद्धतीच्या दुसऱ्या टप्प्यासाठी मेमरीची मर्यादा हाताने वाढवा, मूळ सेटिंग फार तोकडी आहे. अडतं ते बहुधा रॅमच्या वेगावर, त्यामुळे प्रत्येक कोरला वेगळं काम देण्यापेक्षा सगळे कोर एकाच घातांकाला लावून पाहा. मेनू जुनाट आहेत आणि बऱ्याच सेटिंग टेक्स्ट फाइलमध्ये दडलेल्या आहेत, हा खरा त्रास.

सुरुवात टॉर्चर टेस्टने, म्हणजे यंत्रावर पूर्ण ताण देणाऱ्या प्राइम९५ मधल्याच चाचणीने करा. ‘स्मॉल एफएफटी’ प्रोसेसर तापवतो, ‘ब्लेंड’ रॅमही तपासतो. ‘राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’ असा संदेश आला तर सॉफ्टवेअर पुन्हा टाकत बसू नका. गुणाकार अपूर्णांकांतून होतात आणि उत्तर पूर्णांकाच्या जवळ यायलाच हवं. दोन पूर्णांकांच्या बरोबर मध्ये आलं तर दोष यंत्रात आहे. ओव्हरक्लॉक (प्रोसेसरचा ठरल्यापेक्षा वाढवलेला वेग) काढा, रॅमचा वेग एक पायरी उतरवा, पंख्यातली धूळ साफ करा आणि टेस्ट रात्रभर चालवा.