वायरलेस माउस-कीबोर्ड: सेलवाले घ्यावेत की चार्जिंगवाले?

दुकानात चार्जिंगवाला माउस बहुतेकदा महाग असतो आणि ‘सेल बदलायची कटकट नाही’ हा त्याचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो. आधी या गुणाचाच हिशेब करू. लॉजिटेकच्या एमएक्स मास्टर ३एसमध्ये ५०० एमएएचची (मिलीअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) लिथियम-पॉलिमर बॅटरी आहे. ३.७ व्होल्टने गुणलं की ऊर्जा होते १.८५ वॉट-तास. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळणाऱ्या एका अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये, म्हणजे एए सेलमध्ये, माउससारख्या कमी वीज खाणाऱ्या यंत्राला साधारण ३ वॉट-तास मिळतात. कंपनीचे आकडे बघा: ३एस एका पूर्ण चार्जवर ७० दिवस, तर एका एए सेलवर चालणारा सिग्नेचर एम६५० तब्बल २४ महिने. ३एसचं चुंबकीय चाक आणि तगडा सेन्सर जास्त वीज खातात हे खरं, पण सेल हा जुनाट आणि दुबळा पर्याय आहे ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. वस्तू वीज किती खाते यावर निवड ठरवावी. साध्या माउसला आणि कळांखाली दिवे नसलेल्या कीबोर्डला बदलता येणारा सेलच योग्य. दिव्यांचा कीबोर्ड आणि हेडसेट यांना आतली बॅटरी लागते, पण ती काढता येते का हे विकत घेण्याआधी पाहायलाच हवं.

आधी सेलवाले. लॉजिटेकच्याच एम१८५ माउसला एक एए लागतो आणि कंपनी १२ महिने सांगते. के३८० कीबोर्डला दोन एएए, म्हणजे रिमोटमधले बारीक सेल लागतात आणि दावा आहे २ वर्षांचा. इतक्या कमी खाणाऱ्या वस्तूत रिचार्जेबल सेल घालून पैसे वाचत नाहीत. वर्षाकाठी ४०-५० रुपयांचा एक अल्कलाइन सेल वाचवण्यासाठी चार रिचार्जेबल सेल आणि चार्जर घेतला, तर तो खर्च माउसच्या आयुष्यात भरून निघणार नाही. घरात खेळणी, घड्याळं, रिमोट, फ्लॅशलाइट यांनाही तेच सेल चालणार असतील तरच गणित जमतं.

रिचार्जेबल घ्यायचेच असतील तर दोन गोष्टींत लोक हटकून फसतात. पहिली वेष्टनावरच्या मोठ्या आकड्याची. २८०० एमएएच लिहिलेला साधा निकेल-मेटल हायड्राइड सेल नुसता पडून राहिला तरी महिन्याला वीसेक टक्के चार्ज गमावतो. माउसमध्ये तो चार-पाच महिने बसणार असतो, म्हणजे माउसपेक्षा तो स्वतःच जास्त वीज संपवतो. इथे एनेलूप या ब्रँडसारखा, चार्ज धरून ठेवणारा सेल हवा. त्यावर आकडा १९००-२००० एमएएच असतो, पण वर्षभर कपाटात ठेवूनही तो कामाला येतो. दुसरी गोष्ट चार्जरची. स्वस्त चार्जर सेल जोडीनेच चार्ज करतात आणि माउसमधून निघतो एकच सेल. मग दुसरा भरलेला सेल सोबत लावला जातो, तो गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन तापतो आणि लवकर मरतो. प्रत्येक खाचेला वेगळा दिवा असलेला आणि सेल भरला की आपोआप थांबणारा चार्जर घ्यावा. ‘रात्रभर लावा, सकाळी काढा’ अशी सूचना असलेला टाळावा.

व्होल्टेजबद्दलही गैरसमज आहे. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा, म्हणून तो १.५ च्या जागी चालणार नाही असं सांगणारे भेटतात. अल्कलाइन सेल १.५ ला सुरू होऊन हळूहळू १ व्होल्टच्या खाली उतरतो, त्यामुळे माउसची रचना त्या सगळ्या उताराला धरूनच केलेली असते. १.२ वर तो व्यवस्थित चालतो. चुकतं ते फक्त बॅटरीच्या टक्क्यांचं गणित. निकेलचा सेल बहुतेक काळ १.२ च्या आसपास स्थिर राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. सॉफ्टवेअर मात्र अल्कलाइनचा उतार धरून बसलेलं असतं. त्यामुळे नुकत्याच भरलेल्या सेललाही ‘निम्मी बॅटरी’ दिसते, तसंच कित्येक आठवडे दिसत राहतं आणि मग इशारा मिळून थोड्या वेळात माउस बंद पडतो. माउस बिघडलेला नसतो. एक भरलेला सेल टेबलाच्या खणात ठेवला की प्रश्न संपला.

हल्ली यूएसबी-सीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम एए सेलही मिळतात. त्यांच्या पोटात व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट असतं, आणि माउस झोपला तरी ते थोडी वीज खात राहतं. शेवटच्या क्षणापर्यंत १.५ देऊन तो सेल एकदम बंद होतो, त्यामुळे इशारा मिळतच नाही. काही स्वस्त सेलांच्या सर्किटच्या गोंगाटामुळे डोंगलचा, म्हणजे संगणकात खोचायच्या छोट्या रिसीव्हरचा, सिग्नल तुटक होतो. खेळण्यांना हे सेल ठीक आहेत, माउसला मी सुचवणार नाही.

सेलवाल्या वस्तूंचा खरा शत्रू म्हणजे गळती. दोन वर्षं चालतो म्हणून सेल दोन वर्षं कोणी उघडून बघत नाही. दर सहा महिन्यांनी झाकण काढून नजर टाकावी. अल्कलाइन सेल गळला की पांढरी भुकटी जमते. ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडपासून होते आणि क्षारधर्मी असते. कापसाच्या काडीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन ती पुसावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करावं. हात उघडे ठेवू नयेत. स्वस्तातला झिंक-कार्बन सेल गळला तर द्रव आम्लधर्मी असतो, तिथे व्हिनेगरचा उपयोग नाही. खाण्याच्या सोड्याचं पाणी लागतं. खरं तर झिंक-कार्बन सेल माउसमध्ये घालूच नये, तो लवकर संपतो आणि संपला की गळतो. कीबोर्डात दोन्ही सेल एकाच वेळी आणि एकाच जातीचे बदलावेत. एक जुना, एक नवा असला की जुना पूर्ण रिकामा होऊनही त्यातून प्रवाह ढकलला जातो आणि तोच आधी गळतो. कोकणाच्या दमट हवेत स्प्रिंगवर हिरवट थर चढतो. बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासला तर बहुतेक ‘मेलेले’ माउस तिथेच जिवंत होतात.

खेळणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांना वजन टोचतं. लॉजिटेकचा जी३०५ माउस एका एए सेलसह ९९ ग्रॅमचा आहे आणि कंपनी २५० तास सांगते. रोज आठ तास वापरला तर महिन्याला सेल लागतो, म्हणजे इथे रिचार्जेबल सेल नक्की परवडतो. वजन कमी करायचं असेल तर अल्कलाइनऐवजी एकदाच वापरायचा लिथियम एए घालता येतो. अल्कलाइन साधारण २३ ग्रॅमचा, हा १५ ग्रॅमचा. रेझरच्या ओरोची व्ही२ मध्ये एए आणि एएए दोन्हींच्या खाचा आहेत, हवा तो एक सेल घालायचा. अशी सोय आणखी कंपन्यांनी द्यायला हवी. रिपोर्ट रेट, म्हणजे माउस सेकंदाला किती वेळा संगणकाला आपली हालचाल कळवतो तो आकडा, १००० हर्ट्झवरून ५०० वर आणला तरी सेल बराच जास्त चालतो.

आता चार्जिंगवाले. लॉजिटेकचा एमएक्स कीज हा कीबोर्ड बघा: १५०० एमएएचची बॅटरी, दिवे चालू असताना १० दिवस, बंद ठेवले तर ५ महिने. जवळजवळ सगळी वीज दिव्यांनाच जाते हे या दोन आकड्यांतच दिसतं. दोन बारीक सेलांवर असे दिवे चालवायचे तर ते सारखे बदलत बसावं लागेल. म्हणून इथे आतली बॅटरी योग्य आहे. पण दिवे नको असतील तर तिच्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

माउसची बॅटरी वर्षाला पाच-सहा वेळाच चार्ज होते. लिथियमची ३०० ते ५०० चार्जिंगची मर्यादा कधी गाठलीच जात नाही. ती मरते वयाने आणि उन्हाने. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते, आणि मे महिन्यात विदर्भात हवाच तितकी तापते. बंद गाडीत ठेवलेला माउस तर त्याच्या कितीतरी वर जातो. सतत केबलला लावून १०० टक्क्यांवर ठेवणंही तिला मानवत नाही. उलट टोकाला, माउस रिकामा करून वर्षभर खणात टाकला तर व्होल्टेज इतकं खाली जातं की आतलं संरक्षण-सर्किट चार्जिंगच घेत नाही. बराच काळ वापरणार नसाल तर निम्मा चार्ज करून, खालचं बटण बंद करून ठेवा.

‘चार्जच होत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा केबल असते. स्वस्त वस्तूंच्या यूएसबी-सी पोर्टमध्ये ५.१ किलो-ओहमचे दोन रेझिस्टर घातलेले नसतात. दोन्ही टोकांना सी असलेली केबल लावली की चार्जरला पलीकडे काही जोडलंय हे कळतच नाही. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी-ए असलेली केबल लावून बघा, लगेच चार्जिंग सुरू होईल. ॲपलचा मॅजिक माउस २००९ मध्ये दोन एए सेलांवर आला; २०१५ पासून बॅटरी आत गेली आणि पोर्ट पोटाखाली आलं, त्यामुळे चार्ज होताना तो वापरताच येत नाही. २०२४ मध्ये यूएसबी-सी आलं, जागा मात्र तीच राहिली. इतक्या महाग वस्तूत ही खोट मला मान्य नाही.

बॅटरी बदलायची वेळ आली तर स्क्रू बहुतेक वेळा माउसच्या खालच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली लपलेले असतात. त्या पट्ट्या काढताना वाकतात, म्हणून नवीन आधीच मागवून ठेवाव्यात. झाकण झटक्यात उचलू नये, वरचा आणि खालचा भाग नाजूक रिबन केबलने जोडलेला असतो. बॅटरीवरचा सहा आकडी क्रमांक हे तिचं माप: ५०३०४० म्हणजे ५ मिलीमीटर जाड, ३० रुंद, ४० लांब. तीन वायरी असतील तर तिसरी तापमान मोजणाऱ्या सेन्सरची, तिथे दोन वायरींची बॅटरी जोडू नये. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाजारातल्या बॅटरीच्या कनेक्टरमध्ये लाल आणि काळी वायर उलट असू शकते, म्हणून जोडण्याआधी मल्टीमीटरने प्लस-मायनस तपासा. फुगलेली बॅटरी धातूच्या हत्याराने उचकटू नका. लॉजिटेकने २०२३ मध्ये, दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग पुरवणाऱ्या आयफिक्सिट कंपनीशी करार करून एमएक्स मास्टर आणि एमएक्स एनीव्हेअर यांचे सुटे भाग द्यायचं ठरवलं, हे चांगलं पाऊल आहे. युरोपीय संघात तर १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा वस्तूंची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम लागू होतोय.

हेडसेट रोज चार्ज होतो, त्यामुळे तिथे चार्जिंगची संख्या खरोखर संपत जाते. स्टीलसीरीजच्या आर्क्टिस नोव्हा प्रो वायरलेसने यावर उत्तम तोडगा काढलाय. दोन छोट्या बॅटऱ्या मिळतात, एक कानावर, दुसरी टेबलावरच्या पेटीत चार्ज होत असते. बदलायला काही सेकंद लागतात आणि एक म्हातारी झाली तर हेडसेट फेकावा लागत नाही. लॉजिटेकच्या जुन्या परफॉर्मन्स माउस एमएक्समध्येही असंच शहाणपण होतं: आत साधा रिचार्जेबल एए सेल, जो केबलने माउसमध्येच चार्ज व्हायचा आणि दमला की बाहेर काढून नवा घालता यायचा. ही रचना मागे पडली याचं वाईट वाटतं.

तेव्हा ऑफिसच्या कामाला एम६५० आणि के३८०, दोन्हींत अल्कलाइन. दिव्यांचा कीबोर्ड हवाच असेल तर एमएक्स कीज. गेमिंगला जी३०५, दोन एनेलूप आणि स्वतंत्र खाचांचा चार्जर. काढलेली लिथियम बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर ती पेटते. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलन केंद्रात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.